साडेसहाचा लाल-हिरवा

१

रविवारी संध्याकाळी बरोबर साडेसहाला भाविका पोह्यांचा ट्रे घेऊन बैठकीच्या दारात आली, आणि घरातले दिवे बदलले.

बदलले म्हणजे कसे? क्षणापूर्वी खोलीत पिवळसर, मऊ उजेड होता. प्रविणनं, म्हणजे भाविकाच्या मोठ्या भावानं, भाविकाला बघायला रोह्याहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुद्दाम तो लावून ठेवला होता. पुढच्या क्षणाला एका भिंतीवरचे दोन दिवे लालभडक झाले, समोरच्या भिंतीवरचे दोन हिरवेगार झाले आणि छताचा मधला दिवा पांढराशुभ्र पेटला. मुलाची आजी कृष्णाबाई नेमकी लाल भिंतीला टेकून बसली होती. तिचं पांढरं पातळ एकदम रक्तात बुडवल्यासारखं दिसायला लागलं. म्हातारी किंचाळली. भाविकाच्या हातातला ट्रे सुटला. प्रविण मोबाईल काढून खटपट करत होता, पण भाविकाचे वडील पुंडलिक मात्र हात जोडून तसेच बसून राहिले होते.

दहा मिनिटांत रोह्याची मंडळी उठली. चहासुद्धा घेतला नाही.

सोमवारी मध्यस्थाचा, केरूचा, फोन आला. केरू पुंडलिकाचा बार्जवरचा जुना सोबती, आता धरमतरच्या जेट्टीवर कामाला. तो म्हणाला, "मंडळी भडकल्येत. पोरीनं मुद्दाम अपमान केला म्हणतात. ज्यानं केलं त्यानं रोह्याला येऊन माफी मागावी, नायतर चार गावांत सांगणार."

मंगळवारी सकाळी भाविकाच्या आईनं, नमितानं, रोह्यालाच राहणाऱ्या आपल्या नणंदेला फोन लावला. गिरजाबाई एकसष्ट वर्षांच्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी नोकरी केलेली बाई. लोकांचे आवाज ऐकण्यात त्यांची हयात गेली होती. कोण खरं बोलतंय, कोण रडू आवरून बोलतंय, कोणाच्या शेजारी दुसरं माणूस उभं आहे, हे त्यांना तारेवरून कळायचं. भावकीत काही हरवलं, बिनसलं, की त्यांनाच बोलावणं जायचं.

"वन्स, तुम्ही या," नमिता म्हणाली. "भाविका म्हणते, मीच केलं."

"मग झालं तर. कळलं की कोणी केलं ते."

"कुठं कळलं? प्रविण पण म्हणतोय, मीच केलं!"

२

गिरजाबाई दुपारच्या गाडीनं पेणला उतरल्या आणि रिक्षा करून धरमतरच्या रस्त्याला भावाच्या घरी पोहोचल्या. पुंडलिक घरी नव्हता. तो मालवाहू बार्जवर तांडेल, म्हणजे बार्ज हाकणारा म्होरक्या. पाहुणे गेले त्याच रात्रीच्या भरतीला मुंबईकडे निघाला होता, बुधवारी परतणार होता. माफीचं प्रकरण नमितानं त्याला कळवलंच नव्हतं. "पाण्यावरचा माणूस. डोक्याला ताप कशाला?" असं तिचं म्हणणं.

दिव्यांचं वेड प्रविणचं. तो एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. सहा महिन्यांपूर्वी त्यानं रंग बदलणारा पहिला बल्ब आणला आणि मग घरभर त्याचे प्रयोग सुरू झाले. टाकी भरली की मोरीतला दिवा निळा व्हायचा. आईला पहाटे उठताना त्रास होऊ नये म्हणून स्वयंपाकघरात आधी केशरी, मग हळूहळू पांढरा उजेड यायचा. भाविका पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. मांडवातल्या वेगवेगळ्या उजेडात मूर्तीच्या अंगाचा रंग कसा दिसेल, हे ती घरच्या दिव्यांखाली रंगाच्या पट्ट्या धरून बघायची. पुंडलिक तेवढा वैतागायचा. "घर हाय का तमाशाचा तंबू?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

गिरजाबाईंनी आधी भाविकाला माडीवर नेलं.

"कसं केलंस, ते सांग."

"मोबाईलवरून. आत स्वयंपाकघरात होते तेव्हा दाबलं. सगळे दिवे लाल केले."

"सगळे?"

"व्हय. सगळे."

"मग हिरवे कोणी केले गो?"

भाविकानं मान वर केली. ट्रेवर नजर ठेवून आत आलेल्या मुलीला हिरवा दिसलाच नव्हता. म्हातारी 'लाल, लाल' म्हणून ओरडली, तेवढंच तिच्या कानात राहिलं होतं.

"दादाचं नाव नको यायला, म्हणून बोललीस ना?" गिरजाबाईंनी विचारलं.

"त्याच्याशिवाय कोणाला येतंय हे सगळं?" भाविकाचा आवाज फुटला. "मला हे स्थळ नको होतं, हे त्याला कळलं असणार. बाबांनी केरूकाकांना शब्द दिलाय, म्हणून मी गप्प होते. त्यानं माझ्यासाठीच केलं असणार, आत्या."

मग प्रविण. त्याचं उत्तर जास्त पक्कं होतं. त्यानं टीव्हीखालचा जुना टॅब काढून दाखवला. दिवे त्याच्या, भाविकाच्या मोबाईलवरून आणि या टॅबवरून चालायचे, आणि तिन्हीकडे एकच खातं होतं. नोंद स्पष्ट होती : सायंकाळी ६.३०, ठरवलेल्या वेळेप्रमाणे चालू.

"म्हणजे त्या वेळी कोणी काही दाबलं नव्हतं?"

"नाय. घड्याळ लावल्यासारखं आधीच लावून ठेवलेलं. मीच लावलं. पुरावे राहू नयेत म्हणून नंतर पुसलं. ही नोंद तेवढी पुसता येत नाय."

"कधी लावलंस?"

"सकाळी."

"पाहुणे किती वाजता येणार होते?"

"पाचला. पण आले सहा-दहाला. मी तासाभराहून जास्त हायवेच्या नाक्यावर उभा. तुम्हाला सांगतो आत्या, धुळीनं पांढरा शर्ट मातीचा झाला. माणसानं एक फोन करू नये?"

गिरजाबाई हसल्या. "बाळा, पाचला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सकाळी बसून कोणी साडेसहाची वेळ लावेल का? साडेसहाला ते परत निघाले असते. सव्वापाचची लावली असतीस. आणि तुला उशीर ठाऊक असता, तर तू नाक्यावर धूळ खात कशाला उभा राहिला असतास?"

प्रविण टॅबकडे बघत बसला. बहिणीला वाचवायला निघालेल्या त्या धिप्पाड पोराचे कान लाल झाले होते.

"मग भाविकानं..."

"तिनंही नाही. ज्यानं केलं, त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. दिवे चालवायचे कसे, आणि पाहुणे उशिरा येणार आहेत."

घरात अशी व्यक्ती कोण, हे मात्र दोघांपैकी कोणालाच सांगता येईना.

३

संध्याकाळी गिरजाबाई पाय मोकळे करायला मिठागराच्या बांधावर गेल्या. शेजारची बायजाबाई तिथून परतत होती. चाळीस वर्षं मिठागरावर राबलेली बाई, पहाटे पाचला घरासमोरून जायची.

"तुमच्या घरची बत्ती मना लय आवडतं गो," बायजाबाई स्वतःहूनच म्हणाली.

"कुठली बत्ती?"

"पहाटची! तुमच्या बैठकीच्या खिडकीन कवा जांभला, कवा निला, कवा पिवला. मी बांदावर उबी रेऊन बघतंय. मागल्या हप्त्यान एक दिस लाल न् हिरवा पन होता."

"रोज असतं?"

"रोज कुठला? चार-पाच दिस असतं, मंग तीन दिस सगला कालोख. मंग परत चालू. आता सोमवारपासून काय नाय बघ. मना वाटला, बत्तीच बिगरली."

गिरजाबाईंनी तिला आणखी दोन प्रश्न विचारले आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. त्यावर नमिताच्या हातच्या खुणा होत्या. दूध न आलेले दिवस, गॅसची टाकी, आणि बार्ज गेल्या-आल्याच्या तारखा. त्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

"काय झालं वन्स?" नमितानं विचारलं.

"काही नाही. लाल दिवे कुठल्या बाजूला होते, तेवढं सांग. तू भाविकाच्या मागे, आतल्या दारात उभी होतीस ना?"

"व्हय. आमच्या डाव्या हाताला लाल. उजव्या हाताला हिरवे."

"आणि मध्ये वर पांढरा."

"व्हय. पण त्याचं काय?"

गिरजाबाईंनी पिशवी उचलली. त्या शेवटच्या गाडीनं रोह्याला परतल्या. अजून एक गोष्ट कळायची राहिली होती : हे कशासाठी केलं? ती कळल्याशिवाय नाव घ्यायला त्यांची जीभ धजत नव्हती, कारण ते नाव त्यांना फार जवळचं होतं.

४

बुधवारी सकाळी त्या रोहा स्टेशनजवळच्या एका पंपाच्या दुकानात शिरल्या. गल्ल्यावर बसलेला सुशील, म्हणजे पाहायला आलेला मुलगा, त्यांना बघून उभाच राहिला. शांत, थोडा लाजाळू पोरगा.

"मी मुलीची आत्या. भांडायला नाही आले, बस."

"मला राग नाही आला, काकू," तो म्हणाला. "खरं सांगू? मला ते दिवे छान वाटले. आजी घाबरली, म्हणून बाबा चिडले."

"तुम्हाला यायला उशीर झाला होता ना?"

"टायर पंक्चर झालं. नागोठण्याच्या पुढे."

"कळवलं नाही?"

"कळवलं की! बाबांनी लगेच फोन केला. सहा वाजतील म्हणाले."

"फोन कोणी उचलला?"

"ते माहीत नाही. मी चाक बदलत होतो. बाबांचंच बोलणं कानावर आलं." सुशील घुटमळला. त्याच्या आवाजात कुठंतरी गाठ होती. अशी गाठ गिरजाबाईंनी ट्रंक कॉलवर हजारदा ऐकली होती. माणूस बोलू का नको या काठावर असतो. त्या गप्प बसल्या. गप्प बसलं की समोरचा बोलतो.

"बाबा म्हणाले, आमच्याकडे बायका कामाला बाहेर जात नाहीत. ते गणपती रंगवायचं काम लग्नानंतर बंद. पण आज मुलीसमोर हा विषय नको, एकदा सगळं ठरलं की सांगू." सुशीलनं मान खाली घातली. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही."

"आता बोलशील?"

"बाबांशी? बोलेन. हे लग्न होवो न होवो."

दुकानाबाहेर येऊन गिरजाबाईंनी नमिताला फोन लावला.

"एकच विचारते. रविवारी भाविकानं पोहे आणले, ते गार होते का गरम?"

"गरम! वाफा निघत होत्या. ट्रे पडला तेव्हा माझ्या पायावर उडाले, चटका बसला."

"पाहुणे तास-सव्वातास उशिरा आले आणि पोहे गरम? फोडणी कधी घातलीस?"

नमितानं सांगितलं. ते ऐकून गिरजाबाईंनी फोन पिशवीत टाकला आणि पुन्हा पेणची वाट धरली. या वेळी त्यांना घरी जायचं नव्हतं. धरमतरच्या जेट्टीवर दुपारच्या भरतीला बार्ज लागणार होती.

५

पुंडलिक फळीवरून उतरला तो थोरल्या बहिणीला समोर बघून जागीच थांबला. एक्कावन्न वर्षांचा, उन्हानं काळा पडलेला माणूस; पण तिला बघितलं की अजून सदऱ्याची बटणं नीट करायचा.

"ताई? घरी सगळी बरी हायत ना?"

"बरी आहेत. बस इथं. रविवारचे दिवे तू लावलेस."

तो मोठ्यानं हसला. "मी? मला फोन उचलता येत नाय धड."

"उचललास की. नागोठण्याहून आलेला." गिरजाबाई शांतपणे बोलत होत्या. "साडेसहाची वेळ ज्यानं लावली, त्याला उशीर ठाऊक होता. प्रविणला नव्हता, तो नाक्यावर उभा होता. नमितानं पोह्यांना पाचलाच फोडणी घातली असती, पण तू तिला म्हणालास, सहा वाजल्याशिवाय कढई ठेवू नको. तिला वाटलं, उगाच बोलतोयस. पाहुणे कधी पोहोचणार, हे घरात तुला एकट्याला ठाऊक होतं."

"ते असेल. पण दिवे..."

"पहाटे पाचला बैठकीत बसून टॅबवर रंग खेळतोस. बायजाबाईनं पाहिलंय. पोरं आणि नमिता तर रोज घरी असतात. पण तुझी बार्ज गेली की दिवे बंद, बार्ज आली की चालू. मी कॅलेंडर बघितलं."

पुंडलिकाचं हसू विरलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरून गूळ खाताना सापडलेल्या पोराचा भाव आला.

"आणि रंग," गिरजाबाई पुढे म्हणाल्या. "डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, वर पांढरा. भाविका जिथं उभी होती तिथून. दुसऱ्या कोणी गंमत केली असती, तर सगळे एका रंगाचे केले असते. हे तीस वर्षं बार्जवर असल्या दिव्यांनी रात्र काढलेल्या माणसाच्या हातून झालं."

समोर बार्ज हलकेच हेलकावत होती. तिच्या डाव्या अंगाच्या दिव्याची काच लाल होती, उजव्या अंगाची हिरवी. पुंडलिकानं तिकडे एकदा पाहिलं आणि तो लाकडी ठोकळ्यावर बसला.

"तेवढंच नीट जमतं मला," तो म्हणाला. "बाकीचे रंग आपोआप लागतात, हे मी स्वतः बनवलेलं. पोरांना 'तंबू' म्हणून हिणवलं, आता मला आवडतंय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? ताई, लय मजा येते गो त्यात. बोट फिरवलं की भिंत जांभळी."

"आणि रविवारी?"

"केरूला शब्द दिलेला. मागं फिरलो असतो तर तीस वर्षांची सोबत तुटली असती. म्हटलं, दिव्यांनी गोंधळ घातला तर बैठक मोडेल, दोष बल्बाचा निघेल, माणसाचा नाय. म्हातारी एवढी घाबरेल, हे ध्यानातच नाय आलं. तेवढं चुकलंच."

"अट आवडली नाही, तर फोनवरच नाही म्हणायचं होतंस."

पुंडलिकानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"तुझ्या लग्नाच्या वेळी मी चौदाचा होतो," तो म्हणाला. "पडवीत बसून तुझ्या सासरचे बाबांना म्हणाले होते, नोकरी सोडावी लागेल, पण पोरीला आत्ता सांगू नका. मी दाराआड होतो. मी ऐकलं, ताई. आणि तुला नाय सांगितलं."

गिरजाबाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली. लग्नाच्या आठव्या दिवशी त्यांना ती अट कळली होती. दोन वर्षं त्यांनी भांडणात काढली, मग नोकरी राखली आणि संसार सोडला. कोणाकोणाला ठाऊक होतं, हा हिशेब त्यांनी आयुष्यभर मनात केला होता. त्यात या पोराचं नाव कधी आलं नव्हतं.

"रविवारी फोनवर तेच वाक्य ऐकलं," पुंडलिक म्हणाला. "शब्दाला शब्द तेच. माझी जीभ तवा पण टाळ्याला चिकटली न् आता पण. मग हात चालले."

गिरजाबाई त्याच्या शेजारी बसल्या. त्याच्या खरखरीत मनगटावर त्यांनी हात ठेवला.

"चौदा वर्षांचा होतास रे तू."

"आता एक्कावन्नचा हाय."

"म्हणून आता पुढचं ऐक. दोष बल्बाचा नाही निघाला. भाविकावर आलाय. आणि तिनं तो घेतलाय अंगावर, प्रविणला वाचवायला. प्रविणनं घेतलाय तिला वाचवायला. रोह्याला जाऊन माफी मागायची भाषा चाललीय."

पुंडलिक ताडकन उठला. "मला कोणी सांगितलं का नाय?"

"तुझ्या घरात कोण कोणाला काय सांगतं?"

त्यानं हातातला जेवणाचा डबा तिथंच टाकला आणि जेट्टीच्या टोकाला दोर गुंडाळणाऱ्या केरूकडे तो चालत गेला. गिरजाबाईंना लांबून शब्द ऐकू येत नव्हते. केरू आधी ओरडला. मग केरूनं हातातला दोर खाली ठेवला, डोकं खाजवलं आणि पुंडलिकाच्या पाठीत एक जोरदार रट्टा हाणला.

"उद्या दोघं रोह्याला जातो," परत आल्यावर पुंडलिक म्हणाला. "म्हातारीच्या पाया पडतो. तेवढ्याचीच माफी. लग्नाला मात्र नाय म्हणून सांगणार, तोंडानं."

"आणि भाविकाला?"

"तिला आत्ता. घरी असेल?"

"या वेळेला? कारखान्यात."

६

कारखान्याच्या दारात पुंडलिक चपला काढून उभा राहिला. पोरगी चार वर्षं इथं येत होती. तो कधी आत आला नव्हता. ओळीनं पांढऱ्या मूर्ती, रंगाचा वास, आणि खिडकीपाशी पाटावर बसलेली भाविका. ती आखणी करत होती, म्हणजे मूर्तीचे डोळे काढत होती. तिनं बाबांना पाहिलं, मागे आत्याला पाहिलं, आणि ब्रश खाली घ्यायला लागली.

"थांबू नको," पुंडलिक म्हणाला. "दिवे मी लावले होते. माझ्यामुळं तुझ्यावर आलं. ते लग्न नाय होणार. आणि त्यांनी तुझं हे काम बंद करायला सांगितलेलं, ते मी तुला त्याच दिवशी सांगायला पायजे होतं. एवढंच बोलायचं होतं."

भाविका तोंड उघडं ठेवून बघत राहिली. "बाबा, तुम्ही? टॅबवर?"

"नंतर हस. ते डोळे काढ आधी. मला बघायचंय."

तिनं डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसलं, ब्रशचं टोक ओठांनी सारखं केलं आणि हात उचलला. पुंडलिक पुढे येऊन तिच्या पाठीमागं गुडघ्यांवर बसला. काळी बारीक रेघ पापणीच्या कडेनं सरकायला लागली, न थरथरता, एका दमात. गिरजाबाई रेघेकडे बघत नव्हत्या, भावाकडे बघत होत्या. वादळात बार्ज हाकणारा तो माणूस पुतळ्यासारखा झाला होता.

रेघ पुरी झाली. भाविकानं ब्रश उचलला आणि मागं न वळताच म्हणाली,

"बाबा, आता श्वास घेतलात तरी चालेल."